‘सेक्स अँड द सिटी’, सीझन ४: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका संपून वीस वर्षं उलटली. तरी दर काही महिन्यांनी कुणीतरी ती नव्याने बघायला घेतं आणि चौथ्या सीझनपाशी येऊन अडतं. एडन परत का आला? मिरांडाने असं का केलं? शार्लटचं एवढं देखणं लग्न बिनसलं कुठे? खाली त्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. कथानक सगळं उघडं केलंय, तेव्हा बघणं बाकी असेल तर पहिले तीन-चार प्रश्न वाचा आणि थांबा.

आधीचे तीन सीझन न बघता थेट चौथा सुरू केला तर चालेल का?

चालेल. एवढं माहीत असलं की पुरे: न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या चार मैत्रिणी, तिशीच्या मध्यावर किंवा त्यापुढे. कॅरी ब्रॅडशॉ वर्तमानपत्रात प्रेम आणि शरीरसंबंधांवर स्तंभ लिहिते आणि मालिकेची निवेदकही तीच. मिरांडा हॉब्स वकील, जिभेला धार. शार्लट यॉर्क आर्ट गॅलरीत काम करते आणि तिला लग्न, घर, मूल हे सगळं क्रमाने आणि सुबक हवंय. समँथा जोन्स जनसंपर्काचा व्यवसाय चालवते. लग्नाचं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा येतो.

तिसऱ्या सीझनमध्ये कॅरीने एडन नावाच्या सरळ, सुतारकाम करणाऱ्या मुलाला फसवलं. ज्याच्यासाठी फसवलं तो बिग, म्हणजे तिचा जुना प्रियकर, तेव्हा दुसरीशी लग्न करून बसलेला. शार्लटचं ट्रे मॅक्डुगल या हृदयशल्यविशारदाशी लग्न झालं, पण पलंगावर काहीच घडेना, म्हणून ती वेगळी राहू लागली. मिरांडाचं स्टीव्ह या बारटेंडरशी जुळलं आणि तुटलं. इथून चौथा सुरू होतो.

एकूण भाग किती? कधी आले?

अठरा. अमेरिकेत एचबीओवर ३ जून २००१ ला एकाच रात्री दोन भाग दाखवून सुरुवात झाली आणि बारावा भाग १२ ऑगस्टला आला. उरलेले सहा ६ जानेवारी ते १० फेब्रुवारी २००२ या काळात आले.

मध्ये एवढी सुट्टी का दिसते? ११ सप्टेंबरचा काही संबंध?

सीझन दोन तुकड्यांत दाखवला गेला एवढं खरं. पहिला तुकडा कॅरीच्या होकारावर, म्हणजे एडनच्या लग्नाच्या मागणीवर संपतो. प्रेक्षकांना टांगून ठेवायला याहून बरी जागा नाही. पण दुसरा तुकडा येईपर्यंत शहरच बदललेलं होतं. जुळे मनोरे ज्या मालिकेच्या शीर्षकदृश्यात कॅरीची भूमिका करणाऱ्या सारा जेसिका पार्करच्या नावासोबत झळकायचे, त्या मालिकेला ते पुढे काढावे लागले. अखेरच्या भागाचं नाव ‘आय हार्ट एनवाय’ आहे आणि तो न्यूयॉर्क शहराला अर्पण केलेला आहे. हल्ल्याचा उल्लेख त्यात कुठेच नाही. तरी त्या हिवाळ्यात ज्यांनी तो पाहिला असेल, त्यांना सेंट्रल पार्कातली ती घोडागाडी निव्वळ प्रेमप्रसंग वाटली नसणार.

घरात सगळ्यांसमोर बघता येईल का?

नाही. नाव वाचून अंदाज आला असेलच. नग्नता आहे, शिव्या आहेत, नाश्त्याच्या टेबलावर जी चर्चा होते ती आपल्याकडे बंद दाराआडही दबक्या आवाजात होते. आईबरोबर बघायचं ठरवलंच असेल तर आठवा भाग निवडा. त्यातही समँथाचं उपकथानक आलं की पाणी आणायला उठावं लागेल.

हाच सीझन सर्वांत चांगला असं बरेच जण म्हणतात. का?

आधीच्या तीन सीझनांत पुरुष येतात आणि जातात, त्यांच्यावर विनोद होतात, विनोदावर भाग संपतो. कुणाला काही किंमत मोजावी लागत नाही. चौथ्यात प्रत्येकीपुढे अशी गोष्ट येते जी चुरचुरीत वाक्याने निभत नाही. कुणाची आई जाते, कुणाला नको असताना दिवस जातात, कुणाला हवे असताना जात नाहीत, कुणाच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ येते. मग मैत्रिणी खरंच मैत्रिणी आहेत का, हे बोलण्यावरून नाही, तर त्या वेळेला कोण उठून आलं यावरून कळतं. माझ्या मते सीझनचा सगळा जीव यात आहे. प्रेमप्रकरणं हे त्याचं वरचं झगझगीत आवरण.

विनोद कमी झालाय असं मात्र नाही. उलट तो जास्त बोचतो.

पहिल्या भागातल्या वाढदिवसाचं एवढं काय?

कॅरी पस्तिशीत पदार्पण करते. इल कँटिनोरी या इटालियन रेस्टॉरंटमध्ये मोठं टेबल राखून ठेवलेलं आहे, आणि कुणीच येत नाही. सगळे कुठे ना कुठे अडकलेत. ती एकटी त्या लांबलचक टेबलाशी बसून राहते आणि वर स्वतःच्या केकचे पैसे स्वतःच भरते. नंतर कॉफीच्या टेबलावर ती कबूल करते की आज आपल्याला फार एकटं वाटलं, आयुष्यात कुणी खास माणूस नाही हे टोचलं.

त्यावर शार्लट जे बोलते ते पुढे टी-शर्टांवरही छापलं गेलं: आपणच एकमेकींचे जन्माचे जोडीदार झालो तर? पुरुष मग नुसते चांगले, मजेचे सोबती म्हणून येऊ देत. वाक्य गोड आहे. पण ते शार्लटच्या तोंडी आहे, जिला राजपुत्राशिवाय चैन पडत नाही, हे लक्षात घेतलं की त्यातली चव कळते. आणि लेखकांनी लगेच त्यावर पाणीही ओतलंय: कॅरी घरी पोचते तर दारात गाडी लावून, शॅम्पेन आणि फुगे घेऊन बिग हजर.

फॅशन शोमध्ये कॅरी पडते तो भाग कोणता?

दुसरा, ‘द रिअल मी’. न्यूयॉर्कच्या स्टाइलबाज बायकांना मॉडेलांबरोबर रॅम्पवर चालवायचं ठरतं. कॅरीला सुंदर पोशाख कबूल केलेला असतो, ऐन वेळी हातात येते चमचमणारी अंतर्वस्त्रं. ती चालते आणि आडवी पडते, आणि सुपरमॉडेल हायडी क्लुम तिला ओलांडून पुढे निघून जाते. पडलेली कॅरी उठून, हात वर करून उरलेली चाल पूर्ण करते. शोची संचालिका मार्गारेट चो आहे आणि डिझायनरच्या भूमिकेत अ‍ॅलन कमिंग. दोघांनीही थोड्या वेळात भाव खाल्लाय.

मिरांडाच्या आईच्या अंत्यविधीच्या भागाबद्दल सगळे हळवे का होतात?

आठवा भाग, ‘माय मदरबोर्ड, मायसेल्फ’. नावात एक कोटी आहे: कॅरीच्या लॅपटॉपने मान टाकलीय आणि त्याच आठवड्यात मिरांडाची आई गेलीय. कॅरीने वर्षानुवर्षं लिहिलेल्या कशाचीही प्रत काढून ठेवलेली नाही. दुरुस्तीच्या दुकानात तिला ‘बॅकअप नाही?’ असं ज्या सुरात विचारतात, तो सूर संगणक बंद पडलेल्या कुणीही ओळखावा. एडन मदत करायला बघतो, नवं यंत्र आणून देतो, आणि कॅरी त्याच्यावरच खेकसते. कुणी आपल्यासाठी काही करू लागलं की तिला ते सोसत नाही.

मिरांडाचंही तेच, फक्त तिचं दुःख खरं आहे. आईच्या अंत्यविधीसाठी ती फिलाडेल्फियाला गेलेली असते. घालायला धड काही नाही म्हणून ती दुकानात जाते. विक्रेती मावशी न विचारता ट्रायल रूममध्ये शिरते आणि तुमच्या ब्राचं मापच चुकीचं आहे म्हणून पट्टे ओढू लागते. मिरांडा आधी चिडते, तुम्ही बाहेर व्हा म्हणते. आणि मग तिच्या तोंडून निघतं की माझी आई गेली. ती अनोळखी बाई तिला अर्धवट कपड्यांतच जवळ घेते. मालिकेत सुंदर पुरुषांच्या मिठ्या रगड आहेत. ही एक लक्षात राहते.

चर्चमध्ये वेगळाच पेच. शवपेटीमागून घरच्यांनी जोडीजोडीने चालायचं. भावंडांना जोडीदार आहेत, मिरांडाला नाही. ती एकटीच निघते. बाकांमध्ये बसलेली कॅरी ते बघते, जागा सोडते आणि तिच्या सोबतीने चालू लागते. संवाद नाही. आपल्याकडे अशा वेळी कोण कुठे उभं राहायचं हे नात्याने ठरलेलं असतं, मैत्रीण मागच्या रांगेत. तिथेही तसंच आहे, हे त्या दृश्यात दिसतं, म्हणून तिचं उठणं एवढं भिडतं.

एडन आणि स्टीव्हही न सांगता येऊन बसलेले असतात. आणि समँथा, जिला आठवडाभर स्वतःच्या शरीराने दगा दिल्याची चिंता होती, ती अंत्यविधीत हमसून रडते. आधीच्या अर्ध्या तासातला अचकट विनोद तिथे एका फटक्यात उलटा होतो.

मिरांडा गर्भपात करायचं ठरवून मग मूल का ठेवते? हे लेखकांनी माघार घेणं नाही का?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. पण भाग पुन्हा नीट बघा.

स्टीव्हला वृषणाचा कर्करोग झालेला. शस्त्रक्रियेनंतर आपण अर्धेच पुरुष उरलो असं त्याला वाटतं. मिरांडा त्याला धीर द्यायला जाते आणि धीर द्यायची पद्धत जरा पुढे जाते. तिचं एक अंडाशय आळशी, त्याचं एकच वृषण, आणि तरी दिवस जातात. अकराव्या भागात, ‘कुडा, वुडा, शुडा’मध्ये, ती क्लिनिकची वेळ घेते. कॅरी सोबत जाते. तिथे बसल्या बसल्या मिरांडाचा निर्णय फिरतो. माझी हीच एक संधी असेल तर, एवढंच तिचं म्हणणं.

अमेरिकन विनोदी मालिकांना हा विषय परवडायचा नाही. ‘मॉड’ या मालिकेत १९७२ साली सत्तेचाळीस वर्षांच्या नायिकेने गर्भपात केला तेव्हा गदारोळ झाला, आणि त्यानंतर बहुतेक लेखक ऐन वेळी पात्राचा गर्भ आपोआप पाडायचे किंवा पात्राचं मन वळवायचे. मिरांडाच्या बाबतीत दुसरा मार्ग घेतला हे खरं. पण त्याच भागात समँथा आपले दोन गर्भपात झाल्याचं अपराधीपणाचा लवलेश नसताना सांगते. कॅरीचाही एक झालेला आहे. एडनने विचारल्यावर ती आधी नाही म्हणते, मग हो म्हणून वय कमी करून सांगते आणि शेवटी खरं सांगते: बावीस. तिला लाज गर्भपाताची नाही, त्या मुलाला कधी कळवलंच नाही याची आहे. एका भागात तीन बायका आणि तीन वेगळी उत्तरं. २००१ साठी हे कमी नाही.

(आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा. अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा हक्क तितकाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट करावं लागलं. त्या क्लिनिकमधलं दृश्य आपल्याला फार परकं वाटायचं कारण नाही.)

पुढे मिरांडाचं गरोदरपण जसं लिहिलंय तसं मी क्वचितच पाहिलं. सोनोग्राफीत मुलगा आहे हे कळल्यावर सगळे तिच्याकडे आनंदाच्या अपेक्षेने बघतात. तिला काहीच वाटत नाही, म्हणून ती तोंडदेखला आनंद करते. आणि समोरच्यांना तो पटतो! (गर्भाचं लिंग असं सहज सांगितलेलं बघून आपण दचकतो, कारण इथे तो गुन्हा आहे. तिथे नाही.) स्टीव्ह अंगठी घेऊन लग्नाचं विचारतो, तेव्हा ती त्याला वेड लागलंय का असं विचारते. मूल हवं, नवरा नको, हे ती कुठलंही भाषण न देता करून दाखवते.

हे सगळं शार्लटला कसं कळतं?

वाईट पद्धतीने. त्याच दिवसांत डॉक्टरांनी तिला सांगितलेलं असतं की तिला मूल होण्याची शक्यता फार थोडी आहे. आणि इकडे मिरांडाला नको असताना दिवस गेलेत. शार्लट रस्त्यावर तरातरा पुढे चालते, कॅरी मागून, दोघींमध्ये अंतर राखून. तिचा राग चुकीचा आहे हे तिलाही ठाऊक आहे. मालिका तिला त्याबद्दल दटावत नाही. मग मिरांडाने मूल ठेवायचं ठरवलंय हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो आनंद फुटतो, तो क्रिस्टिन डेव्हिसने अगदी खरा दिलाय. मत्सर आणि आनंद एकाच माणसात, दहा मिनिटांच्या अंतराने.

शार्लट नोकरी का सोडते? चिडायला होतं.

चिडा, मिरांडाही चिडते. सातव्या भागात शार्लट जाहीर करते की आता गॅलरी सोडून घर सजवणार, मूल होऊ देणार, मातीची भांडी करायला शिकणार. मिरांडा फोनवर गप्प होते, आणि ते गप्प होणं शार्लटला झोंबतं. मग ती स्त्रीमुक्तीचा अर्थच निवड असा आहे, आणि मी माझी निवड निवडली, असं फोनमध्ये पुन्हा पुन्हा ओरडत राहते. जितक्या वेळा ओरडते तितका तिचा स्वतःवरचा विश्वास कमी होत जातो. लेखकांनी कुणाचीही बाजू घेतली नाही, हे या दृश्याचं बळ.

ट्रेचं आणि तिचं नेमकं कुठे बिनसलं?

पलंगावरचा प्रश्न सुटतो, मुलाचा उभा राहतो. इंजेक्शनं, तारखा, सासू बनीचे टोमणे. दत्तक घेण्याचा विषय निघाल्यावर बनी जे काही बोलते ते ऐकून तुम्हाला तुमच्या ओळखीतल्या दोन-तीन बायका आठवतील. फ्रान्सिस स्टर्नहॅगन यांनी ही सासू अशी केलीय की तिचा राग येतो आणि तिच्या पुढच्या प्रवेशाची वाटही बघावीशी वाटते.

एक दिवस ट्रे गंमत म्हणून पुठ्ठ्याचं बाळ आणतो. विनोद एवढा चुकावा? पण तो माणूस क्रूर नाही, फक्त थकलाय, आणि त्याला मूल कधीच फारसं नको होतं. चौदाव्या भागात घरसजावटीच्या मासिकासाठी फोटो काढायला माणसं येतात. ट्रे शार्लटसाठी सुखी नवऱ्याचा फोटो देतो आणि मग निघून जातो. मासिकात सुंदर घर, सुंदर जोडपं. छापून येईपर्यंत जोडपं उरलेलं नसतं.

समँथाचं मारियाबरोबरचं प्रकरण मध्येच का सोडून दिलं?

तीन भागांतच आटोपतं. ब्राझीलच्या सोनिया ब्रागा यांनी साकारलेली मारिया ही चित्रकार आहे, आणि तिच्यापुढे समँथा पहिल्यांदाच नवशिकी दिसते. लेखकांना मात्र यातून चार विनोदांपलीकडे काही काढता आलं नाही. मारियाला सहवास आणि बोलणं हवं आणि समँथाला तेच नको, एवढ्यावर ते संपवलं.

रिचर्ड राइट या हॉटेलमालकाचं प्रकरण त्याहून भारी. तो समँथाला आधी काम नाकारतो, कारण तिचं खासगी आयुष्य त्याच्या कानावर आलेलं असतं. पुरुष असते तर तुम्ही हस्तांदोलन करून मला ऑफिस दिलं असतं, असं ती तोंडावर सुनावते आणि ताठ मानेने निघते. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत डोळ्यांतलं पाणी रोखून धरते. नंतर काम मिळतं, माणूसही मिळतो, आणि तिला, समँथाला, मत्सर वाटायला लागतो. अखेरच्या भागात विग घालून नवऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या बायकांसारखी ती त्याच्या मागावर जाते. संशय खरा निघतो.

एडन की बिग?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची दोन गावं आहेत आणि त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार नाही.

मला विचाराल तर चौथा सीझन दोघांपैकी कुणाचाच वकील नाही. एडन परत येतो, पण त्याच्या मनात जुनी जखम आहे आणि तो तिचं व्याज वसूल करतो. कॅरी त्याला सारखी म्हणते, मला माफ करायलाच हवं तुला. माफी अशी मागून मिळत नसते. सफर्न गावात त्याचं लाकडी घर आहे. तिथे कॅरीला खारींची भीती वाटते. बिग तिथेही टपकतो, आणि दोघं पुरुष चिखलात कुस्ती खेळतात. दोन प्रौढ माणसांच्या भांडणाचं इतकं प्रामाणिक, इतकं हास्यास्पद चित्रण दुसरीकडे सापडणं कठीण.

अंगठी सापडल्यावर कॅरीला ओकारी होते. नंतर ती अंगठी बोटात न घालता साखळीत ओवून गळ्यात घालते. वधूवस्त्रांच्या दुकानात मिरांडाबरोबर मजा म्हणून एक भयंकर झगा चढवते, तर अंगावर पुरळ येतं आणि श्वास कोंडतो. एवढे दाखले शरीर देत असताना ती बिचारी तोंडाने हो म्हणत राहते. एडनला आत्ताच्या आत्ता लग्न हवंय, कारण त्याचा अजून भरवसा बसलेला नाही. ज्यावर भरवसा नाही त्याच्याशी घाईने लग्न करून भरवसा येतो, हा समज आपल्याकडेही बक्कळ आढळतो.

कॅरीचं घर जायची वेळ का येते? भाड्याचं होतं ना?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला खरं तर पटकन समजायला हवं, कारण आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचाच तो चुलतभाऊ आहे. न्यूयॉर्कमध्ये पुष्कळ इमारती ‘को-ऑप’ असतात. तुम्ही भिंती विकत घेत नाही, इमारतीच्या मालक संस्थेचे शेअर घेता आणि त्या जोरावर तुमच्या जागेत राहता. कॅरी भाडेकरू, तिची इमारत को-ऑप होणार. एडन तिचा फ्लॅट आणि शेजारचा असे दोन्ही घेतो; मधली भिंत पाडून संसार थाटायचा बेत. लग्न मोडतं. भिंत राहते, पण फ्लॅट आता एडनचा. कॅरीने महिन्याभरात तो विकत घ्यावा, नाही तर सोडावा.

सोळावा भाग, ‘रिंग अ डिंग डिंग’. बँकेत गेल्यावर कळतं की तिची एकूण पुंजी १,६५७ डॉलर. कर्ज मिळत नाही. बुटांच्या दुकानात मिरांडा साधा हिशेब मांडते: चारशे डॉलरचा जोड, असे शंभर. कॅरी आधी चार हजार म्हणते. मिरांडा दुरुस्त करते: चाळीस हजार. म्हणजे घराची आगाऊ रक्कम तिच्या पायांत आहे. हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. ज्यांनी ऐन पंचविशीत पगार उडवला आणि पस्तिशीत घर बघायला निघाले, त्यांना हा भाग लागू पडेल.

बिग चेक देतो. ती तो वापरत नाही. मिरांडा आणि समँथा उसने द्यायला तयार होतात. शार्लट मात्र टेबलावर गप्प बसते, आणि तिच्याकडेच पैसा सर्वांत जास्त. कॅरी तिच्या घरी जाऊन जाब विचारते. शार्लट ऐकून घेते आणि म्हणते, तुझे पैशांचे घोळ निस्तरणं माझं काम नाही. तू पस्तीस वर्षांची आहेस.

मला हे भांडण सगळ्या सीझनमधलं सर्वांत धाडसी वाटतं. मैत्रीत मूल, मरण, शरीर यांवर बोलता येतं. पैसा निघाला की जिभा आखडतात. आणि गंमत म्हणजे दोघीही बरोबर आहेत. मागणं उद्धट आहे, नकार कोरडा आहे. पुढे शार्लट आपली साखरपुड्याची अंगठी कॅरीपुढे सरकवते: ही घे, कर्ज म्हणून. मोडलेल्या लग्नाचं सोनं मैत्रिणीच्या घराच्या कामी येतं. कॅरी ते घेते आणि घरातच राहते.

स्तंभलेखिकेला एवढे महागडे बूट परवडतात कसे?

परवडत नाहीत. तेच तर वर सांगितलं.

या सीझनमधलं आज काय खटकतं?

गोरेपणा. आठ दशलक्ष लोकांच्या, जगभरच्या माणसांनी भरलेल्या शहरात या चौघींना गोऱ्यांशिवाय फारसं कुणी भेटत नाही. मारियाचा विषय वर झालाच. आणि जाड बायकांवर, वयस्क बायकांवर काही शेरे असे आहेत की आज लिहिणाराच ते खोडेल. या सगळ्यावरचं उत्तर म्हणून २०२१ ते २०२५ या काळात पुढची मालिका काढली गेली. उत्तर फारसं जमलं नाही, पण तो वेगळा विषय.

पुरस्कार मिळाले का?

दुसऱ्या भागाच्या दिग्दर्शनासाठी मायकल पॅट्रिक किंग यांना २००२ चा एमी मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत गोल्डन ग्लोबमध्ये मालिकेला सलग तिसऱ्यांदा सर्वोत्तम विनोदी मालिकेचा आणि सारा जेसिका पार्करला अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

याची मुंबई आवृत्ती म्हणजे ‘फोर मोअर शॉट्स प्लीज’ का?

अधिकृत रूपांतर नाही, पण वंशवेल उघड आहे. ती जानेवारी २०१९ मध्ये प्राइम व्हिडिओवर आली: दक्षिण मुंबई, चार मैत्रिणी, एक ठरलेला बार. देखणी आहे, अभिनेत्री चांगल्या आहेत. पण तिथे घराचा हप्ता कुणाला भरावा लागतोय असं क्वचितच वाटतं, आणि मुंबईत एकट्या बाईची गोष्ट सांगताना घरमालक, सोसायटी आणि ‘घरी कोण कोण असतं?’ हा प्रश्न टाळून चालत नाही. ‘रिंग अ डिंग डिंग’सारखा एक भाग मुंबईत बेतायला हवा होता. एकट्या मुलीला फ्लॅट भाड्याने मिळवण्याच्या हकिकतींतच सहा भागांचा ऐवज आहे.

शेवट दुःखी आहे का?

मिश्र. बिग नापा व्हॅलीला कायमचा निघालाय. त्याच्या रिकाम्या घरात दोघं जुन्या ‘मून रिव्हर’वर नाचतात. दुसऱ्या रात्री घोडागाडीत प्रेमाला रंग चढतो आणि मिरांडाचा फोन येतो: कळा सुरू झाल्यात. कॅरी पळते. मिरांडाची पाणमोट फुटते ती कॅरीच्या नव्याकोऱ्या बुटांवर. बाळ होतं, ब्रेडी. कॅरी बिगच्या घरी पोचते तेव्हा तो गेलेला असतो, तिच्यासाठी ती रेकॉर्ड आणि विमानाचं तिकीट ठेवून.

बूट वाचवायला ती मागे सरत नाही, हे नीट बघा. चाळीस हजारांचा हिशेब झाल्यानंतरचं आहे ते.

पाचवा लगेच सुरू करू का?

करा, पण कमी अपेक्षेने. फक्त आठ भाग आहेत, कारण सारा जेसिका पार्कर तेव्हा गरोदर होती. कपड्यांच्या घोळात आणि हातातल्या पर्सांमागे पोट लपवण्याची धडपड जागोजागी दिसते. बाळ घेऊन बसलेली मिरांडा मात्र त्यात फार छान आहे.